कॅरेजवरचं ओझं, गालावरचा वण

सायकलवर कॅमेरा नेणं म्हणजे काय असतं, ते आताच्या माणसाला सांगून कळत नाही. आता वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा गडी फटफटीवर बसल्या बसल्या खिशातून फोन काढतो, फोटो घेतो आणि पुढं जातो. माझा कॅमेरा सागवानी होता. पुढं भाता, मागं घासलेली काच. त्याच्याबरोबर तीन पायांची तिवई, ज्यांच्यावर फोटो उतरतो त्या काचांची पेटी, काळं फडकं आणि बागेचं चित्र काढलेला गुंडाळीचा पडदा. एवढं सगळं मी शहरातल्या शहागंजातून गंगेच्या काठापर्यंत नेलं आणि परत आणलं. (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.) सगळ्या जन्मात एक काच फोडली नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं नेऊन दाखवावं.

मी शिकलो तिसरी, ती पण उर्दूतून, कारण तेव्हा राज्य निजामाचं होतं. मराठी अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. हे लिहिताना कुठं चुकलं तर हसू नका. हसलात तरी मी दुरुस्त करणार नाही.

हा प्रवास, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला बारा वर्षं झाली तेव्हाचा. त्या एका घरासाठी मला तीन खेपा पडल्या. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरात अजून माणसं राहतात. बिडकीनच्या पुढं, गंगेच्या अलीकडं, एवढं बस आहे.

बिडकीनची सडक

पहिल्या खेपेला मी दिवस उगवताना निघालो. ओझं बांधायची माझी एक रीत होती. कॅमेऱ्याची पेटी कॅरेजवर आडवी टाकली तर खड्ड्यात बसणारा दणका सरळ भिंगाला लागतो. म्हणून मी ती गोधडीत गुंडाळून उभी बांधायचो. पेटीच्या डोक्यावर काचांची लहान पेटी, दोन्ही बाजूंना तिवई आणि पडदा, आणि धूळ जाऊ नये म्हणून वरून काळं फडकं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मागं कोणीतरी तोंड झाकून बसलंय. शहागंजात माझी चेष्टा व्हायची. "आज किसकू बिठाके ले जा रै?" असं विचारायचे.

बिडकीन मागं पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्या काळात ती सडक म्हणजे मुरूम आणि दोन्हीकडं बाभळी. कारखाने नव्हते, मोटारी नव्हत्या. टळटळीत दुपार, वारा बंद, एक पान हलत नव्हतं. रात्रीची भीती माणसं सांगतात, पण आमच्याकडची दुपार ज्यानं एकट्यानं काढलीय त्याला विचारा. सायकलच्या साखळीचा आवाज आपलाच असून आपल्यामागून येतो.

एका चढाला शेळ्या राखणारी म्हातारी बसली होती. मी उतरून सायकल ढकलायला लागलो तशी ती म्हणाली, "अय बाबा, तू उतरलास, आन् त्याला बसूनच ठिवलंस व्हय? उतरीव की त्याला बी. चढ हाय."

"मावशी, कोणी बसलेलं नाय. कॅमेरा हाय त्यो."

"मग त्यानं मान कशी हलिवली?"

दोरी ढिली झाली असेल म्हणून मी बघितलं. दोरी ताठ होती. माझ्या हातची गाठ सुटत नाही. मी म्हातारीकडं न बघता चढ चढलो.

कोट

घर चांगलं खातंपितं होतं. शेती, दावणीला बैल, अंगणात कडुलिंब. आल्या आल्या गूळ-पाणी दिलं. घरात तीन माणसं. म्हातारी आई, तिचा धाकटा मुलगा भगवान, आणि थोरल्याची बायको सुंदराबाई. थोरला किसन. रझाकाराच्या गडबडीत तो पैठणच्या बाजाराला म्हणून निघाला आणि परत आला नाही. त्या दिवसांत दोन्हीकडची लई माणसं अशी गेली. कोणाचं मढं सापडलं, कोणाचं नाही.

बारा वर्षं वाट बघायची असा आमच्यात रिवाज आहे. त्यानंतर पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो मेला. त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतात. भगवाननं भटजीला विचारून दिवस धरला होता. आई थकली होती, आपण जिवंत असताना पोराला पाणी मिळावं असं तिचं म्हणणं.

"पाला तर जळून जाईल, पाव्हणं," भगवान मला म्हणाला. "भिंतीला कायतरी तोंड पायजे. भावाचा फोटू कधी निघालाच नाय."

अशा फोटोची आमच्या धंद्यात पद्धत होती. माणूस नसला तर त्याचा भाऊ बसवायचा, त्याचेच कपडे घालायचे, आणि मग काचेवर पेन्सिलीनं चेहरा बदलायचा. त्याला टचिंग म्हणत. शहागंजात माझ्याइतकं बारीक टचिंग करणारा दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, माझे उस्ताद म्हणायचे.

सुंदराबाई चौकटीत उभी होती. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. ती सरळ माझ्याशीच बोलली. "फोटूवाले दादा, माझी एक अट हाय. मला त्यांचं तोंड आठवंना. खुणा आठवत्यात, तोंड नाय आठवत. सपनात बी पाठमोरेच येत्यात. तुमच्या फोटूत मला ते दिसले, तर मी आपल्या हातानं बांगड्या फोडीन. नाय दिसले, तर पाल्याला आग लावायची नाय. मंग बारा वर्सं होऊ द्या न्हायतर चोवीस."

भगवान माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "ताई, दिसतील. नाय दिसले तर हा कॅमेरा गंगेत टाकीन."

असं बोलायला नको होतं. पण मी बोललेलं मागं घेत नाही.

ट्रंकेतून किसनचा कोट निघाला. काळा, बंद गळ्याचा, खिशात वाळलेला लिंबाचा पाला. भगवाननं तो घातला, भावाचा फेटा बांधला आणि मी लावलेल्या बागेच्या पडद्यापुढं खुर्चीवर बसला. तेवढ्यात दावणीचा म्हातारा बैल उठून उभा राहिला. तांबडा. भगवान म्हणाला की चार दिवस तो उठला नव्हता, वैरण बसूनच खात होता. आता दावं ताणून तो पुढं आला आणि कोटाची बाही चाटायला लागला.

आईच्या डोळ्यांत फूल पडलेलं होतं, पंधरा वर्षांपासून तिला उजेड-अंधार एवढंच कळायचं. ती भिंत धरत आली, कोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "किसना, लई उशीर केलास बाबा."

"आई, मी भगवान."

"व्हय व्हय," म्हातारी म्हणाली, आणि आत जाऊन त्याच्यासाठी परत गूळ-पाणी घेऊन आली. भगवाननं ते पिलं.

मी काळ्या फडक्यात शिरलो. घासलेल्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. त्याची मला सवय होती. पण त्या दिवशी त्या काचेत बसलेला माणूस मला भगवान वाटेना. फडक्यातून डोकं काढलं की भगवान. फडक्यात गेलो की दुसराच कोणीतरी, उलटा टांगल्यासारखा, माझ्याकडं एकटक बघतोय. तीनदा बघितलं. मग काच घातली आणि फोटो घेतला.

कोट काढताना गळ्याचं बटण निघेना. भगवान घामाघूम झाला. शेवटी सुंदराबाईनं पुढं होऊन ते एका बोटानं काढलं, जसं रोज काढत असावी.

मग तिनं खुणा सांगितल्या, मी लिहून घेतल्या. लिहिणं माझं उर्दूत. कपाळ रुंद. भुवया जुळलेल्या. कानाची पाळी मोठी. "आन् हितं वण," ती म्हणाली, "उजव्या गालावर, डोळ्याखालून खाली. ह्या तांबड्याचंच शिंग लागलं व्हतं, ते गेले त्याच साली." असं म्हणत तिनं स्वतःच्या उजव्या गालावरून बोट ओढलं. मी लिहिलं, सीधा गाल. सीधा म्हणजे उजवा.

त्या घरात तो वण तिच्याशिवाय कोणी पाहिलेला नव्हता. भगवान त्या साली जालन्याला जिनिंगमध्ये कामाला होता. आईचे डोळे तेव्हाच गेलेले.

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी, असं जेवून मी परत निघालो. त्या भाजीची चव अजून तोंडात आहे. आमच्या शहागंजात अंबाडी इतकी आंबट करत नाहीत.

लाल दिव्याखाली

टचिंग मी तीन दिवस केलं. ते काम काचेच्या मसाल्याच्या बाजूनं, म्हणजे फोटो उतरायचा लेप असतो त्या बाजूनं, करावं लागतं, आणि त्या बाजूनं माणूस आरशातल्यासारखा दिसतो. उजवं डावीकडं, डावं उजवीकडं. पेन्सिलीची रेघ काचेवर काळी, कागदावर पांढरी. हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

फोटो कागदावर उतरला तेव्हा मी तो दोनदा पाण्यातून काढून बघितला. भगवान कुठं शिल्लक नव्हता. तिथं एक तिसराच माणूस बसला होता, आणि तो मला ओळखत होता.

उस्तादांना दाखवला. ते म्हातारे झाले होते. त्यांचे सगळे भाऊबंद पोलीस ॲक्शननंतर गाव सोडून गेले, उस्ताद गेले नाहीत. त्यांनी फोटो उजेडाला धरला, लांब धरला, आणि म्हणाले, "अच्छा बनाए. गया सो आदमी का चेहरा बनाना आसान है मियाँ. वो आ गया तो मिलाते कैसा?"

दुसरी खेप

दुसऱ्या खेपेला कॅमेरा घेतला नाही. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून गळ्यात पिशवीत घातला. कॅरेज रिकामं. तरी सायकल जड चालली होती. दोन वेळा उतरून मागच्या चाकाला हात लावला. हवा बराबर होती.

बिडकीनच्या अलीकडंच ती शेळ्यांची म्हातारी भेटली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पाठीमागं बघितलं, आणि शेळ्यांना हाकत म्हणाली, "आज बी दोघं."

मी सायकल दामटली.

बिडकीनला चहाला थांबलो. बाकड्यावर एक कासार बसला होता, गावोगाव बांगड्या भरत फिरणारा, शेजारी बांगड्यांची माळ ठेवलेली. पुठ्ठ्यात काय आहे म्हणून त्यानं विचारलं. मला माझं काम दाखवायची हौस. दाखवलं.

"ह्यो व्हय," कासार म्हणाला. "ह्याचा फोटू कशाला काढला कोणी?"

"तुम्ही ओळखता?"

"बघितलंय की. गंगेच्या पल्याड, नावेतून उतरलं की वडाखाली बसतो, दोर वळत. आठ दिस बी झाले नसतील. थोडा वयानं जास्त दिसतो, पर ह्योच."

मी गालावरच्या वणावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "त्याची खूण सांगा बरं."

"डाव्या डोळ्याखाली वण हाय. काढा अंगठा, तिथंच आसंल."

मी अंगठा काढला. कासार हसला. मी खरं लिहितो, मला त्या वेळी भीती नंतर वाटली, आधी वाटला तो गर्व. न पाहिलेला माणूस मी पेन्सिलीनं असा केला की वाटेवरचा कासार ओळखतो! शिवाय माणूस जिवंत आहे. म्हणजे बाईच्या बांगड्या राहणार. ही खबर माझ्या तोंडून त्या घरात जाणार. डावा म्हणाला की उजवा, तिकडं माझं लक्षच गेलं नाही.

घराच्या अंगणात पळसाची पानं आणून टाकली होती. जवळ नारळ. भगवाननं फोटो बघितला आणि तो मागं सरला. "भाऊच," एवढंच बोलला.

सुंदराबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला. लई वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हेच हायेत," ती म्हणाली. "दिसले." आणि मग हळूच म्हणाली, "पर दादा, वण उजवीकडं व्हता."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मसाल्याच्या बाजूनं काम करताना मी रेघ उलट्या गालावर ओढली होती. पोरसवदा शिकाऊ करतो ती चूक. आणि त्याच वेळी हे पण ध्यानात आलं, की मग कासारानं बघितलेला माणूस किसन नाही. माझं काम चुकलं, खबर पण गेली, कॅमेरा गंगेत टाकायची भाषा केली होती ती राहिली. आणि बाई "दिसले" म्हणून बसली होती.

मी म्हणालो, "ताई, तुम्ही डावा म्हणलात."

"मी उजवा म्हणले."

"माझ्याजवळ लिहिलेलं हाय." मी खिशातून चिठ्ठी काढली. त्या घरात उर्दू कोणाला येत नव्हतं. चिठ्ठीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, सीधा गाल. मी मोठ्यानं वाचलं, "डावा गाल."

मी चिठ्ठी तशीच उघडी धरली.

"बारा वर्षं झाली, ताई," मी वर आणखी म्हणालो. "ध्यान चुकतं माणसाचं."

तिनं चिठ्ठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आसंल," ती म्हणाली. "माझंच चुकलं आसंल." आणि खाली बसून तिनं डावा हात जमिनीवर आडवा ठेवला, उजव्या हातात दगड घेतला. बोललेलं पाळणारी बाई.

"थांबा!" मी ओरडलो. आणि कासाराची सगळी हकीकत सांगितली.

गंगेच्या पल्याड

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान, सुंदराबाई आणि मी नावेनं पल्याड गेलो. भगवाननं कोट आणि फेटा गाठोड्यात घेतला होता. नदीवर धुकं होतं, काठ दिसत नव्हता. नावाडी वल्हं मारताना एकदाही बोलला नाही. आम्ही उतरताना त्यानं मलाच विचारलं, "परत किती येणार?" मी सांगितलं, बघू.

वड होता. वडाखाली माणूस होता. घायपाताचा वाख, पांढरे धागे, मांडीवर घेऊन दोर वळत बसलेला. त्यानं मान वर केली आणि मी तिथंच उभा राहिलो, कारण तो माझा फोटो होता. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, मोठ्या पाळ्या. डाव्या डोळ्याखालून पांढरी रेघ, जशी मी ओढली होती तशी, खाली जराशी बारीक होत गेलेली. तिथं माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

गावातला एक जण म्हणाला, गडबडीच्या साली तो काठावर पडलेला सापडला. डोक्याला मार होता. नाव, गाव, काही आठवत नाही. दोर वळतो, देईल ते खातो.

भगवाननं त्याच्यापुढं फोटो धरला. त्या माणसानं तो बघितला आणि पहिल्यांदा बोलला. "माझा फोटू कोणी काढला?"

भगवाननं माझ्याकडं बघितलं. मी वडाकडं बघितलं.

"ह्यो कोट माझा न्हाई," तो म्हणाला.

भगवाननं गाठोडं सोडलं, कोट त्याच्या अंगावर घातला. कोट बराबर बसला. मग तो सुंदराबाईकडं वळून बघायला लागला आणि त्यानं विचारलं, "बाई, माझं नाव काय?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती गप्प राहिली. भगवान रडत म्हणाला, "बघितलंत? वहिनी नाव घेईना! भाऊच हाय." आणि त्यानंच नाव सांगितलं. तो माणूस दोन-तीनदा स्वतःशी म्हणाला, "किसन. किसन." नवीन चप्पल घालून बघावी तसं.

परत येताना नावेत चौघं होतो. मी त्याच्यासमोर बसलो होतो. मी पाण्याकडं बघितलं तर तो पाण्याकडं बघायचा. मी गाल खाजवला तर त्यानं गाल खाजवला.

म्हातारीनं त्याला गूळ-पाणी दिलं, कोटावर हात फिरवला, "लई उशीर केलास" म्हणाली. पळसाची पानं शेळ्यांना टाकली, नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. गाव लोटलं. माझा फोटो हातोहात फिरला, माझी तारीफ झाली. फक्त तांबडा उठला नाही. कोट तोच होता, बाही तीच होती. बैलानं वास घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी त्याच दिवशी निघालो. जेवायला थांबलो नाही.

तिसरी खेप

चार महिन्यांनी निरोप आला. म्हातारी गेली होती, सुखानं गेली, पोराच्या मांडीवर डोकं ठेवून. सुंदराबाईला दोघांचा फोटो पाहिजे होता. मी जाणार नव्हतो. पण न जाणं म्हणजे भिणं, आणि भिलो असं कोणी म्हणू नये म्हणून गेलो. कॅमेरा उभा बांधला, काळं फडकं टाकलं. वाटेत शेळ्यांची म्हातारी दिसली नाही. त्या चढाला मी मागं बघितलं नाही, एवढं लिहितो.

दुपारचीच वेळ होती, भगवान शेतावर गेलेला. सुंदराबाईनं मला ओसरीवर बसवलं आणि अंगणात हाक मारली. "किसन! अरे किसन, फोटूवाले दादा आले. तोंड धू."

माझ्या हातातलं गूळ-पाणी हिंदकळलं. बायको नवऱ्याला नावानं हाक मारत होती, गड्याला मारावी तशी.

तिनं ते बघितलं. म्हणाली, "कोणी नसलं म्हंजी मी नावच घेते. ओसरीवर झोपतो, बैलाचं बघतो. गरीब हाय बिचारा."

मी तिला सगळं सांगितलं. जन्मात कधी कोणापुढं चूक कबूल केली नव्हती, तिच्यापुढं केली. काच उलटी धरल्याचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं.

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "तुमची ती लिपी उजवीकडून वाचत्यात म्हणं. तुमचे डोळे चिठ्ठीवर हललेच नाय. तुमी वाचलं नाय, नुसतं बोलले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय केलं असतं? दगड हातात घेतलाच व्हता मी. 'दिसले' म्हणले व्हते." तिनं पदर सारखा केला. "आन् दादा, मी त्या दिवशी गालावरून बोट फिरवलं, ते माझ्या गालावरून का त्यांच्या? समोर मानूस उभा असला, तर त्याचा डावा आपल्या उजव्यापुढं येतो. लई इचार केला. मला बी आता सांगता येत नाय."

मी हातातलं गूळ-पाणी खाली ठेवलं.

"इकडं या," ती म्हणाली. "आवाज करू नका."

आतल्या खोलीत भिंतीला आरसा होता. तो माणूस तोंड धुऊन आला होता, आरशापुढं उभा राहून फेटा बांधत होता. सुंदराबाई त्याच्या मागं, जराशी बाजूला उभी राहिली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, आरशात बघत होती. आरशातल्या माणसाला वण उजव्या गालावर होता.

"आता ते हायेत," ती अगदी हळू म्हणाली. किसन म्हणाली नाही. "रोज येवढा वेळ येत्यात. फेटा बांधून हुईपर्यंत."

आरशातल्या माणसानं फेट्याचा शेवटचा पेच खोचला आणि नजर वर करून तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. वडाखाली भेटला तो बिचारा किसन असं बघणारा नव्हता. ते बघणं मालकाचं होतं, आपल्या घरात शिरलेल्या परक्या माणसाकडं बघावं तसं.

मी बाहेर आलो, पडदा लावला, दोघांना बसवलं, फडक्यात शिरलो. उलटी दोघं. ती उलटी असून ओळखू येत होती. तो नव्हता येत. मी एकच काच घेतली आणि सामान बांधलं.

परत जाताना सायकल हलकी चालली. एवढी वाट ओझं ओढलेल्या माणसाला वजनातला एक शेराचा फरक सुद्धा कळतो. सगळं सामान जिथल्या तिथं होतं, गाठ ताठ होती, तरी मागं कोणी नव्हतं.

त्या काचेवरून मी कधी कागद काढला नाही. सुंदराबाईनं पण परत निरोप पाठवला नाही. कॅमेरा गंगेत टाकायचा होता, तो टाकला नाही. त्यावर अजून कोणी बोललेलं मला चालत नाही. काच माझ्या पेटीत आहे, फडक्यात गुंडाळलेली. एका बाजूनं धरली तर वण डावीकडं, दुसऱ्या बाजूनं धरली तर उजवीकडं आणि कोटाची बटणं उलटी. दोन्हीकडून सुंदराबाई त्याच्याकडं बघत नाही, समोर बघते, जिथं मी उभा होतो तिथं. साठ वर्षं होत आली. कोणत्या बाजूनं छापायची, ते मला कोणी सांगितलेलं नाही.